डाव्या अंगाला दिवा

वेनिंगची बोटं भिंतीवर चढत होती. मुंगीसारखी, एकेक पेर, हॉस्पिटलात शिकवली होती तशी. कालची कोळशाची खूण अजून चार बोटं वर होती आणि काखेतली शिवण आत्ताच ओढ घेत होती. तेवढ्यात अंगणातून शेजारच्या बू रुबियेमने सासूला हाक मारली.

"अहो म्बाह सामी! घरात नात आली आणि शेजाऱ्याला पत्ता नाही? बाळ झाल्याचा पानातला भात राहिला बाजूला, साधी हाकही नाही?"

वेनिंगने हात खाली घेतला. सैल सदऱ्याच्या आत, कमरेच्या पिशवीत, जखमेतून निघालेल्या नळीची बाटली होती. ती तिने चाचपली आणि डोक्यावरचा रुमाल छातीवर ओढून घेतला.

रुबियेम कमरेवर टोपली घेऊन दारात उभी होती. तिची नजर दाराच्या डाव्या अंगाला खिळली होती. तिथे मातीवर उपडी घातलेली टोपली होती आणि टोपलीखाली खिडकीतून वायर ओढून लावलेला बल्ब.

"दिवसाढवळ्या जळताना पाहिला, तेव्हाच ओळखलं. डावीकडे दिवा म्हणजे मुलगीच! आणि न्दुक, पोरी, चार महिने सेमारांगला बहिणीकडे होतीस ती यासाठी होय? आम्ही आपल्या म्हणतोय, पोरगी तिकडे शिवणकामाला लागली. चोरटी कुठली!"

नव्या बाळाची वार पुरली की तिच्यावर पस्तीस दिवस दिवा जळतो. पण सासूने चार दिवसांपूर्वी तिथे पुरली ती वार नव्हती. हॉस्पिटलने तपासणीपुरतं ठेवून उरलेलं बांधून दिलं होतं. तिने ते धुतलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, मीठ-हळद घालून नव्या मडक्यात ठेवलं. "माझ्या नातीला दोन वर्षं पाजलंय त्यानं," ती म्हणाली होती. "मांजराच्या पिल्लासारखं गाडून टाकू होय?" दिवा मात्र का लावला, ते तिलाही सांगता आलं नसतं. हात सवयीने गेले, इतकंच.

एकतीस वर्षांच्या सुनेला झालेल्या त्या रोगाचं नाव गावात निघता कामा नये, हेही तिनेच ठरवलं होतं. वेनिंगने मान हलवली होती. ऑपरेशनला सोळा दिवस झाले होते. या सोळा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती.

रुबियेम चटईवर ऐसपैस बसून सामान काढू लागली. बाळाचा साबण. तेलाची बाटली. झोळीसाठी पिवळं बाटिक कापड. पावडरचा डबा निघाला तशी वेनिंगची तीन वर्षांची लारास आजीच्या खाटेखालून बाहेर आली.

"माझा?"

"तुझा कसा, बये? तू घोडी झालीस. तुझ्या बहिणीचा." रुबियेमने तिचा गाल ओढला. "कुठाय ती? दाखवा तरी. नाक आईचं असू दे म्हणजे झालं, बापाचं नको."

सासू स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली होती. तिने दिव्याकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"राहिली नाही," ती म्हणाली.

रुबियेमचा हात साबणावरच थांबला. "इन्ना लिल्लाही..." तिचा चेहरा बघता बघता चुरगळला. "आणि मी मेली इथे दुकान मांडून बसलेय! माझी जीभ झडली कशी नाही?" ती पदराने डोळे पुसू लागली, पण ते पुसले जाईनात. "सात दिवस झाले का? मी सांगते बायकांना. सगळ्या येऊ दुवा मागायला."

"नको गं, कुणाला नको..."

"नको काय, म्बाह? एवढंसं असलं तरी लेकरू ते."

वेनिंग भिंतीला टेकून पाहत होती. कधीच न जन्मलेल्या पोरीसाठी ही बाई खरीखुरी रडत होती. उद्या तीस बायका येतील. चटया अंथरतील, गोड चहा पितील, एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवतील. मेलेल्या बाळासाठी रडायला कुणाला लपावं लागत नाही. वेनिंगला तिचा हेवा वाटला, त्या नसलेल्या मुलीचा.

"मुलगीच होती," ती म्हणाली.

स्वतःचा आवाज कानावर पडल्यावर तिला कळलं, आपण बोललो. सासूने चमकून वर पाहिलं. आणि मग सोळा दिवस कुठे अडकून बसलं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम आलं. ती हुंदके देत रडू लागली.

रुबियेमने उठून तिला कवटाळलं. अडवायला डावा हात उचलायला हवा होता, तो उचलला गेला नाही. रुबियेमने तिला घट्ट धरलं, छातीशी छाती लावून, लेक सासरहून आल्यावर धरतात तसं. उजवीकडे वेनिंग तिला लागली. डावीकडे काहीच लागलं नाही. मग खाली, पोटाशी, बाटली लागली.

रुबियेमचं रडणं तिथेच थांबलं.

तिचा तळवा पाठीवरून हळूच सरकला, काखेखालच्या पट्टीच्या कडेला आला आणि तिथे थबकला. तिने वेनिंगच्या खांद्यावरून सासूकडे पाहिलं. सासूने मान खाली घातली.

आता सोडेल, वेनिंगला वाटलं. साबण, तेल, कापड गोळा करेल आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळेल.

रुबियेमने सोडलं नाही. फक्त डाव्या बाजूची मिठी जरा सैल केली, आणि तिच्या कानाशी, सासूलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"किती वर्षांची होती गं?"

"एकतीस," वेनिंग म्हणाली.