दोन पावलांवरचं देऊळ

“माय, बोटीतून उतरलं की समोरच देऊळ. दोन पावलं चालनं,” यात्रा कंपनीच्या माणसानं नागपुरात गुडघे धरलेल्या प्रयागबाईंना सांगितलं होतं, पत्रकातही तेच छापलं होतं.

सहलीहून परतल्यावर प्रयागबाईंनी देवीची नथ, गाभाऱ्यातला गारवा, कळसावरचं ऊन, सारं ओवीसारखं घोळवून गल्लीभर सांगितलं.

यंदा त्यांची धाकटी जाऊ गोपिका त्याच सहलीला निघाली. दम्यानं तिला विहिरीवरून घागरही आणवत नव्हती. घरचे नको म्हणाले, तशी ती हसली, “जाऊबाईनं तसल्या गुडघ्यांनी दर्शन घेतलं, त मले काहून नाही जमनार?”

स्टेशनवर गाडीत चढणाऱ्या गोपिकेचा हात प्रयागबाईंनी घट्ट धरला.

 

“मी देवी पाह्यलीच नाही वं. चारशे पायऱ्या पाहून धक्क्यावरच रडत बसली होती. तुमाले सांगितलं ते सारं पत्रकातलं.”