पडद्यावरची फुगडी

ऑपरेशन आधी पडद्यावर करून बघायच्या दवाखान्यातल्या मशीनवर सगुणाची हुबेहूब नक्कल पुढची दहा वर्षं भराभर जगत होती. टाके घालून वर बांधलेली तिची गर्भपिशवी दुसऱ्याच वर्षी पुन्हा खाली उतरली. डॉक्टर हेगिष्टेबाईंनी पडद्यावर जाळी बसवून पाहिली, मग पिशवीच काढून पाहिली. तरी अंग बाहेर आलंच. दर वेळी पडद्यावरची सगुणा वाकायची, दुधाचा भरलेला कॅन उचलायची आणि शिवण सुटायची.

"जड काही उचलत नाही म्हणालात ना?" बाई वैतागल्या.

"जड कुठलं? घरचंच काम की," खुर्चीत बसलेली खरी सगुणा म्हणाली.

बाईंनी चिडून मशीनला एकच बदल सांगितला. आता पडद्यावर कॅन तिचा नवरा रंगराव उचलू लागला. दहा वर्षं सरली, शिवण टिकली. शेवटी तर पडद्यावरची सगुणा पदर खोचून फुगडी खेळली.

सगुणा बघतच राहिली. "बाई, माझं हेच ऑपरेशन करा."

शेजारी बसलेला रंगराव खाकरला.

"माझी कंबर धरतीय, मॅडम. त्यापेक्षा जाळीच जरा जाड बसवा की."