बेरजेचा जिना

लेकीला आकड्यांचा क्रम लागत नसे. "ही आमचा निकाल खाली आणेल," म्हणत मुख्याध्यापिका असलेल्या थोरल्या जाऊबाईंनी सख्ख्या पुतणीलाच शाळेतून काढायला लावलं. आई घरी शिकवू लागली. जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहिले. बेरजेला चढायचं, वजाबाकीला उतरायचं.

"उड्या मारून कुठे गणित येतं का गं? थेरं नुसती!" जाऊबाईंनी नाक मुरडलं. जाताना मात्र जिन्याचा फोटो काढून नेला.

महिन्याभरात शाळेचा जिना आकड्यांनी रंगला. शेजारी पाटी लागली: 'अभिनव संकल्पना: मुख्याध्यापिका'. उद्घाटनाला आई दातओठ खात उभी होती. लेक मात्र पायऱ्या न्याहाळत होती.

"आई, मोठ्या काकूने एकचा आकडा सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिलाय. इथे चढलं की वजाबाकी होते. तिलाही आपल्या घरी शिकवायचं का?"