हाफ क्लच

चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर आरोहीची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली आणि हातभर मागे सरकली. मागच्या बसवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही.

शेजारी बसलेल्या मेघनाने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. बोलली मात्र काहीच नाही. एरवी त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिच्याइतकं समजावून कोणी शिकवत नसे. पण आठवड्यापूर्वी या मुलीच्या फॉर्मवर नवऱ्याच्या रकान्यात तिने अवधूतचं नाव वाचलं होतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तो मेघनाचा नवरा होता. "हिला मी शिकवते," ती मालकांना म्हणाली होती. तेव्हापासून तिने आरोहीची एकही चूक सांगितली नव्हती. नुसतं "पुन्हा" म्हणायचं आणि तिचा रडवेला चेहरा बघत बसायचं. दोन-चार दिवसांत पोरगी शिकणं सोडणार, हे तिला दिसत होतं.

आरोहीने स्टीअरिंगवरचे हात काढले.

"हे म्हणतात तेच खरं, मॅडम. तुझ्या डोक्याला झेपणारं काम नाही हे, म्हणतात. शेजाऱ्यांसमोरसुद्धा. हसत हसत."

मेघनाने दात आवळले. ते हसणं तिने चार वर्षं ऐकलं होतं. आठवडाभर आपण भलत्याच माणसाला रडवत होतो.

"हात ठेव स्टीअरिंगवर," ती म्हणाली. "मागच्याला वाजवू दे हॉर्न. गाडी तू सरळ धरतेस, नजरही चांगली आहे तुझी. चूक एकच. क्लच झटकन सोडतेस. अर्धाच सोड. गाडी थरथरली की पाय तिथेच थांबव, मग ब्रेक सोड."

आरोहीने गाडी पुन्हा सुरू केली. गाडी थरथरली, आणि चढली.

"एवढंच होतं?" आरोही म्हणाली. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"उद्यापासून रोज अर्धा तास जास्त थांबायचं," मेघना म्हणाली.

लायसन्स हातात पडल्यानंतरच्या रविवारी आरोहीचा फोन आला.

"मॅडम, ह्यांना शेजारी बसवून गिरगावपर्यंत नेलं! एकदाही बंद पडली नाही. सारखे चुका शोधत होते, एक सापडली नाही. मग म्हणाले, कोणी शिकवलं? म्हटलं, लालबागच्या मेघना परब मॅडमनी. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. तुम्ही ओळखता का ह्यांना?"

मेघनाने शनिवारचं वेळापत्रक पुढे ओढलं.

"रिव्हर्स अजून कच्चं आहे तुझं," ती म्हणाली. "शनिवारी ये. आणि त्यांनाही घेऊन ये. मागच्या सीटवर बसू देत."