काकांवर गाणं नको

"पोरी, माझं गाणं वाजवू नकोस," फरगली दारातूनच म्हणाला.

मालिकेचं संकलन करणाऱ्या शैमाने मान वर केली नाही. आजचा भाग रोजा सुटल्यावर दाखवायचा होता आणि शेवटची चार मिनिटं अजून जोडायची होती. रमजानात कैरोतल्या सगळ्याच मालिकांची ही रड. इकडे चित्रीकरण चालू, तिकडे लोक बघतायत.

या मालिकेत एक रीत पडली होती. कुणी मेलं की भागाच्या शेवटी बोलणं थांबायचं, ऊद हे तंतुवाद्य वाजू लागायचं आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर गाणं सुरू व्हायचं. बारा भागांत चार गाणी, चार मयती. आता सेटवर कुणी नुसतं गुणगुणलं तरी नट आपापली संहिता उघडून शेवटचं पान बघायचे.

"काका, मरायचंच असेल तर गाणं तरी लाव, म्हणून लोक माझ्या मागे लागतात," शैमा म्हणाली. "एका गाण्यात सगळा देश रडतो. चाळीस वर्षांत तुमच्या वाट्याला आलं काय? दरवान आणि हवालदार."

"रडू दे देशाला. माझी बायको, इनसाफ, जेवणार नाही, त्याचं काय?" फरगलीने बसबूसाचा, रव्याच्या गोड वड्यांचा, डबा टेबलावर ठेवला. "रोजा सुटल्यावर खा हं. अगं, मी पडद्यावर दिसलो की तिच्या पोटात चार घास जातात. तेवढेच. मालिकेतला हा माझा रिदवान मेला तर ती उपाशी मरेल गं."

"तुम्ही असता की घरी तिच्यासमोर."

"असतो. त्याचा काय उपयोग?"

शैमाने डबा जवळ ओढला. डब्याकडे बघत म्हणाली, "लेखकाचं मला माहीत नाही. गाणं माझ्या हातात आहे. तुमच्यावर गाणं लावणार नाही. झालं?"

"देव तुझं भलं करो!"

म्हातारा अक्षरशः उड्या मारतच बाहेर पडला. रंगभूषेच्या खोलीत त्याने केसांचा आणि मिशीचा काळा रंग पुसून काढला. रिदवानची मिशी काळीभोर होती, याची कधीच पांढरी झालेली. निघताना निरोप मिळाला, दोन दिवस सुट्टी. बघा, म्हाताऱ्याची काळजी घेतात म्हणायची.

घरी पोचला तेव्हा इनसाफने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेतला.

"आलात? बसा. दार लोटू नका, उघडंच राहू दे."

फरगलीने मसुरीचं सूप गरम करून तिच्यापुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

"आज कितवा रोजा हो?"

"तेरावा."

घटकाभराने तिने पुन्हा तेच विचारलं. मग पडद्यावर रिदवान आला, काळी मिशी पिळत, आणि इनसाफचा चेहरा उजळला.

"बघा, कसे वाळलेत! जेवायला घालतात की नाही, देव जाणे," असं म्हणत तिने भाकरीचा तुकडा सुपात बुडवला.

"घालतात, घालतात," फरगली हसला.

शेवटी ऊद वाजला तसा तो पडद्याजवळ सरकला. चेहरा आला तो गल्लीतल्या खाटकाचा. बिचाऱ्याचं वाईट झालं खरं, पण फरगलीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. शैमाने शब्द पाळला होता.

चौदाव्या भागात रिदवान दिसलाच नाही. इनसाफ नुसतं पाणी पिऊन झोपली. उद्या येतील, असं तो तिला तीनदा म्हणाला.

पंधरावा भाग रिदवानच्या दुकानात सुरू झाला. गोष्ट दोन महिने पुढे सरकली होती. पुतणी पेल्यांत चहा ओतत होती.

"काकांना जाऊन आज चाळीस दिवस झाले," ती म्हणाली. "अल्ला त्यांना जन्नत देवो."

"आमीन," शेजारीण म्हणाली. "साखर जरा कमी घाल."

बस, एवढंच. ऊद नाही, गाणं नाही.

फरगली टीव्ही बंद करायला धावला, पण उशीर झाला होता. इनसाफने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"इनसाफ, खोटं असतं गं ते! मी हा इथे आहे ना, तुझ्यासमोर!"

ती उठली. रुमाल तोंडावर घेऊन तिने दार सताड उघडलं.

"भाऊ, रोज माझ्यासाठी सूप करता, तुमचे उपकार विसरणार नाही," ती म्हणाली. "पण आता माझे गेले. विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस परक्या पुरुषाने या घरात यायचं नाही. उठा."