बापासारखा वास

"पहिल्यांदा काय घेतलं? कितव्या वर्षी?" व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमनी फॉर्मवरून नजर न हलवता विचारलं.

पोरगा तोंड उघडायच्या आत बापानंच उत्तर ठोकून दिलं. "कॉलेजात, मॅडम. संगत वाईट लागली. तोपर्यंत साध्या सिगारेटलाही शिवला नव्हता."

बाप फर्निचरला पॉलिश करायचा. तीस वर्षं थिनर आणि लॅकरमध्ये काढली, त्यात नाक पार कामातून गेलं. घरात दूध करपलं तरी याला पत्ता नाही, म्हणून बायको त्याची टर उडवायची. आज चेष्टा सुचावी असं काही उरलं नव्हतं. शेजारी वीस वर्षांचा मुलगा बसला होता आणि त्याचे दोन्ही हात सुयांनी चाळण झाले होते.

"तेराव्या वर्षी," मुलगा खाली बघत म्हणाला. "थिनर. बाबांच्या दुकानात. चिंधीवर घेऊन हुंगायचो."

"काहीतरीच काय बोलतोस? मी तिथंच असायचो की."

"तुम्हाला वास कुठं येतो, बाबा?"

तेव्हा शाळा सुटली की पोरगा दुकानात यायचा, मागच्या खोलीत बसायचा. घरी गेला की आई त्याला जवळ ओढून म्हणायची, "अगदी बापासारखा वास येतोय अंगाला. हा धंदा पुढे नेणार." आणि बाप छाती फुगवून हिंडायचा.

"थिनर घेणारा प्रत्येक जण सुईपर्यंत जातो का हो, मॅडम?"

"नाही, काका. बरेच जण सोडून देतात. पण कोण थांबेल आणि कोण पुढे जाईल, हे त्या वयात कुणालाच सांगता येत नाही. वेळीच कळलं, तर निदान अडवता येतं."

दुपारी बाप एकटाच घरी आला. गेले पंधरा दिवस मुलाच्या धावपळीत दुकानाकडे फिरकायलाही झालं नव्हतं. बायको धुवायचे कपडे काढत होती. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला भडभडून आलं.

"जिवाला लावून घेऊ नका. धाकटी बघा कशी गुणाची आहे. शाळा सुटली की किल्ली घेऊन दुकानात जाते. राहिलेल्या खुर्च्यांना सँडपेपर मारते म्हणाली. तेरा वर्षांची पोर, पण बापाची काळजी." तिनं मुलीचा निळा युनिफॉर्म नाकाला लावला. "कालचाच आहे. अगदी तुमच्यासारखा वास येतोय."

त्यानं तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. नेहमीप्रमाणे काहीच कळलं नाही.

मग त्यानं खिसे उलटे केले, घडी न् घडी उलगडून बघितली. सँडपेपर मारला की लाकडाची पांढरी भुकटी शिवणीशिवणीत जाऊन बसते, दोनदा धुतलं तरी निघत नाही. त्याचा स्वतःचा एकही शर्ट कधी तिच्यातून सुटला नव्हता.

त्यानं युनिफॉर्म जोरात झटकला. खाली एक कणही पडला नाही.