दिवे वाढव

“लाव रे शिदू!”

लीलाबाईंनी बागेतून हाक दिली. व्हरांड्यात शिदू माळ्याने बटण दाबलं आणि पायवाटेच्या डाव्या अंगाचे दिवे लागले. लोणावळ्यातल्या त्या बंगलीत वीज आली होती, पण बागेत आजवर कंदिलापलीकडे काही पेटलं नव्हतं.

त्र्यंबकराव बायकोशेजारी उभे होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ही बाग त्यांनी स्वतःच्या हाताने लावली होती. गेल्या वर्षापासून मात्र त्यांची नजर अधू होत चालली होती. “दिवसा ठीक आहे गं, संध्याकाळी जरा अंधुक होतं,” ते म्हणायचे. मुंबईचा मुलगा बाळ काही ऐकेना. बाबा अंधारात पडले-झडले म्हणजे? बंगली विकून टाका आणि माझ्याकडे या, हे त्याचं टुमणं. रविवारी तो दोघांना न्यायलाच येणार होता. बागेचं नाव निघालं की त्र्यंबकरावांचा चेहरा एवढासा व्हायचा.

अंधाराचंच दुखणं ना? मग उजेड करू, लीलाबाई म्हणाल्या. बाई हट्टाची! तिन्हीसांजेला कंदील घेऊन बागभर हिंडल्या. जिथं पायरी, जिथं वळण, तिथं खुणेची वीट ठेवली. वायरमन कुरकुरला, तरी त्याच्याकडून प्रत्येक विटेच्या जागी गुडघाभर उंचीचा लोखंडी नळ रोवून त्यावर दिवा बसवून घेतला. उजेड डोळ्यांत जाऊ नये, पावलापुढे पडावा, म्हणून दिव्यांना तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून टोप्या घातल्या.

“दिसतंय ना हो?”

“छान आहे,” ते पुटपुटले.

लीलाबाईंचं तेवढ्याने समाधान होईना. उजव्या अंगाच्या दिव्यांची रांग अजून पेटायची होती. त्या ओरडल्या, “शिदू, दिवे वाढव रे!”

आता शिदू पडला कार्ल्याचा. त्याच्या घरी दिवा कधी कुणी विझवत नाही. तसं बोलणंसुद्धा अभद्र. तिथं दिवा वाढवतात. त्याने इमानाने बटण बंद केलं. खट् आवाज झाला आणि सगळी बाग काळीकुट्ट झाली.

“वाढिवलं, बाई!”

‘अरे मेल्या’ लीलाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्र्यंबकराव खुलून म्हणाले, “वा! आता कसं लख्ख झालं!”

लीलाबाईंना आता उमगलं. अंधुक नव्हे, यांना काहीच दिसत नव्हतं. बाग सुटू नये म्हणून हा माणूस किती दिवस एकटाच हे सोसत होता, कोण जाणे. लीलाबाईंना रडू आवरेना. तोंडावर पदर दाबून त्या तशाच उभ्या राहिल्या.

त्र्यंबकराव तर चालूही लागले. पायरी उतरले, वळण घेतलं, जाईच्या मांडवाखालून बेताने वाकून गेले. कुठं अडखळणं नाही, चाचपणं नाही. त्यांना धरायला धावलेल्या लीलाबाईंचाच पाय पायरीवरून सटकला आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. आवाजासरशी ते वळले, झपझप परत आले आणि हात पुढे केला.

“अगं, एवढ्या उजेडात पडलीस कशी?”

लीलाबाईंनी तो हात घट्ट धरला.

“माझेच डोळे गेलेत मेले,” त्या म्हणाल्या. “रविवारी बाळला स्पष्ट सांगते, मी काही मुंबईला यायची नाही. इथं मला धरून चालवणारं माणूस आहे.”